कोरड्या ओढ्यातली हाक

"माकडानं नेला असेल वर!" गॉडलिसन म्हणाला.

"माकडानं? गवताचा भारा?" विटनेसनं कमरेवर हात ठेवले. "कशाला रे? त्याच्या घरी गाय बांधलीय वाटतं!"

मंका हसली नाही. ती मान वर करून बघत उभी होती. ओढ्यावर वाकलेल्या झाडाच्या फांदीत तो भारा अडकला होता. वाळून पिवळा पडलेला, चिखलानं माखलेला, केळीच्या सोपटाच्या दोरीनं आवळलेला. आणि गाठ उलटी होती.

"ती अमिनीची गाठ आहे," ती म्हणाली.

विटनेसचे कमरेवरचे हात खाली आले.

अमिनी म्हणजे मंकाचा थोरला भाऊ. डावखुरा होता, त्यामुळे त्याची प्रत्येक गाठ उलटी पडायची आणि ती सोडवताना आई रोज वैतागायची. दोन-तीन आठवड्यांपूर्वी नाताळची लांब सुट्टी लागली आणि त्याच आठवड्यात याच ओढ्यात तो मेला. धबधब्याच्या कड्यावरून डोहात उडी मारायला गेला, पाहुण्यांपुढे शायनिंग मारायला, आणि खडकावर डोकं आपटलं, असं अनाएली मामानं सांगितलं होतं. मामा पाहुण्यांना डोंगरातल्या पायवाटांनी फिरवायचा, केळीच्या बागा, कॉफीची झाडं, लोहाराची भट्टी आणि शेवटी धबधबा दाखवायचा. अमिनीला घरी उचलून आणलं तेही त्यानंच. सख्खा मामा, ढसाढसा रडत होता. त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार?

घरामागच्या केळीच्या बागेत अमिनीला पुरलं, तेव्हा पाद्रीबुवांनी मोठ्यांचं न ऐकणाऱ्या मुलांबद्दल लांबलचक भाषण केलं. तेव्हापासून मोरूवा गावात एक नवीनच धमकी निघाली होती. कुणी झाडावर चढलं, कुणी उशिरा घरी आलं, की आया ओरडायच्या, "अमिनी व्हायचंय का तुला?" कुंपणापलीकडून हे वाक्य आलं की मंकाची आई हातातलं काम तसंच टाकून घरात निघून जायची. बाजारात जाणं तिनं सोडलंच होतं. मुलगा गेला तो गेलाच, वर मूर्ख ठरून गेला!

"उडी मारायला निघालेला मुलगा आधी गवत कापून भारा बांधून ठेवतो?" मंका म्हणाली. "आणि अमिनी उडी मारणार? गुडघाभर पाण्यातसुद्धा तो माझा हात धरायचा!"

गॉडलिसन तिघांत उंच. त्यानं हात वर करून उडी मारली, तरी बोटं भाऱ्याला लागली नाहीत. झाडाच्या खोडावर मात्र तेवढ्याच उंचीपर्यंत वाळलेला चिखल होता. खाली ओढ्यात पाणी किती? घोट्याइतकं.

"म्हणजे पाणी इथवर चढलं होतं," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजातली मस्करी पळाली होती. "पण आलं कुठून? वर्षअखेरचा छोटा पाऊस यंदा तोंड दाखवायलाही आला नाही!"

"वर जाऊन बघू," मंका म्हणाली.

धबधब्याची वाट ओढ्याच्या काठाकाठानं वर जाते. चढ असा, की बोलायला श्वास उरत नाही. विटनेस तरीही बोलत होतीच. वर पोचून बघतात तर धबधबा कसला, कड्यावरून नुसती एक ओली रेघ उतरत होती. इतक्यात वाटेवर माणसांचे आवाज आले. तिघं झुडपामागे बसले.

मामा आला. डोक्यावर रुंद काठाची टोपी, मागे गोऱ्या पाहुण्यांचा घोळका. सगळ्यांना त्यानं कड्यासमोरच्या उंच खडकावर उभं केलं. मग पाठ फिरवून खिशातला मोबाइल काढला, कानाला लावला आणि लगेच बंद केला.

"मिस्ड कॉल दिला," गॉडलिसन पुटपुटला.

मामा पाहुण्यांकडे वळला. "आमच्या डोंगराला पाहुणे फार आवडतात बरं का! टाळ्या वाजवा, बघा तो काय देतो!"

पाहुण्यांनी हसत हसत टाळ्या वाजवल्या. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग वर कुठेतरी घरघर सुरू झाली, ती वाढत गेली, आणि कड्यावरून तांबड्या पाण्याचा लोट धाडकन खाली कोसळला! डोह उकळल्यासारखा वर आला, काठावरचे दगड बुडाले आणि पाणी खालच्या ओढ्यात घुसलं. पाहुणे आनंदानं ओरडत होते, फोटो काढत होते.

मंकानं तोंडावर हात दाबून धरला होता. खाली कुणी गवत कापत असेल का, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्या दिवशीही असेच लोक इथे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि खाली तिचा भाऊ वाकून विळा चालवत होता.

"रडू नकोस ना," विटनेस म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

लोट ओसरल्यावर तिघं कड्याला वळसा घालून वर चढले. वर गावाचं साठवणीचं तळं होतं. रात्रभर त्यात पाणी साठायचं आणि सकाळी पाळीपाळीनं पाटातून बागांना जायचं. पाणी अडवणारी पाटाची फळी डोंगराच्या उजव्या अंगाला होती, पिढ्यान् पिढ्या तिथेच होती. आता डाव्या अंगाला, ओढ्याच्या बाजूला, एक नवीकोरी फळी बसवलेली दिसली. शेजारी न्जाऊ नावाचा मामाचा माणूस पाय पसरून ऊस खात बसला होता.

विटनेस सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. हे तिघांचं ठरलेलं नव्हतं. तिचं कधीच काही ठरलेलं नसतं.

"शिकामू, न्जाऊकाका!"

"मराहाबा," न्जाऊनं सवयीनं नमस्कार घेतला आणि मग दचकला. "तू इथे काय करतेस?"

"सहज आले. काका, तुम्ही पाणी सोडताना हाक का नाही दिलीत? मेकू तर केवढ्यानं ओरडतात!"

मेकू म्हणजे गावातले सगळ्यांत वडीलधारे, पाटाचे कारभारी. फळी उचलण्याआधी ते छाती भरून ओरडायचे, "पाणी सुटलं होऽऽ!" मग खालच्या बागांमधून, "निघालोऽऽ!" अशी उत्तरं यायची. पाटात धुणं धुणाऱ्या बायका, खेळणारी पोरं बाहेर निघायची. शेवटचं उत्तर आल्याशिवाय मेकू फळीला हात लावायचे नाहीत. घाई असो, भांडण असो, पाणी हाकेनंतरच सुटायचं.

"हाक दिली तर पाहुण्यांना कळेल ना, पाणी आपण सोडतो ते!" न्जाऊ बोलून गेला. मग ऊस फेकून उठला. "ए, कुणी शिकवून पाठवलं तुला? पळ इथून!"

तिघं जे पळाले ते थेट मेकूंच्या अंगणात.

मेकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग गावच्या अध्यक्षांना बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे तळ्यावर गेले. पण बातमी मामापर्यंत आधीच पोचली होती. नव्या फळीवर दगडमाती लिंपलेली होती, वर शेवाळाचे तुकडे चिकटवले होते.

"ही? ही गाळ काढायची मोरी," मामा हसून म्हणाला. "कधीकाळची बंद आहे. काय रे न्जाऊ?"

"कधीकाळची," न्जाऊ म्हणाला.

"काका खोटं बोलतायत! मला म्हणाले ते!" विटनेस किंचाळली.

"नाव विटनेस, म्हणजे साक्षीदार, आणि एक गोष्ट धड पाहिलेली नाही!" अध्यक्ष म्हणाले आणि माणसं हसली. मामानं मात्र मंकाच्या डोक्यावर हात ठेवला. "दुःखानं पोरीचं डोकं फिरलंय हो. रागावू नका तिला." तो हात झिडकारून द्यावा असं मंकाला वाटलं, पण तेवढं धैर्य झालं नाही.

गवताच्या भाऱ्यालाही त्यांनी उत्तर शोधलं. कुणीतरी उंडगं पोर टाकून गेलं असेल वर, म्हणाले.

घरी आल्यावर आईनं चुलीपुढून मान वर केली नाही. "त्याला झोपू दे आता," ती म्हणाली. "लोक जे बोलतात ते एकदाच बोलू देत. तू रोज नवीन काढतेस आणि ते रोज नवीन बोलतात."

"पण आई, तो उडी मारायला गेलाच नव्हता!"

"मला माहीत आहे!" आई ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी आई आहे त्याची. मला माहीत नसणार? पण मला माहीत असून काय उपयोग?"

त्या संध्याकाळी गोठ्यामागे तिघांची बैठक बसली. गॉडलिसननं कल्पनेच्या भराऱ्या मारायला सुरुवात केली. मामाचा मोबाइल चोरू, न्जाऊला झाडाला बांधू, फळी फोडू.

"फळी फोड आणि आणखी एकाला मार!" विटनेस त्याच्यावर खेकसली.

"ओढ्याला असं पाणी येतं हे गावात कुणीच खरं मानत नाही," मंका म्हणाली. "हाक पाटाची. ओढ्यात उभ्या असलेल्या माणसानं ती ऐकली तर तो काय करेल?"

"काही नाही. पाट कुठे, ओढा कुठे!"

"आणि ज्याला माहीत आहे, तो?"

गॉडलिसननं शीळ घातली. विटनेसला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मात्र ती कधी नव्हे ती गप्प बसली.

नाताळाआधी गावाची पाटदुरुस्ती असते. दर घरातून एक तरी माणूस येतो, नाहीतर दंड म्हणून केळीची दारू पाजावी लागते. गाळ उपसायचा, फुटलेल्या कडा दगडांनी बांधायच्या. दगड मिळतात ओढ्यात. म्हणून त्या दिवशी सकाळी अर्धं गाव ओढ्याच्या पात्रात उतरलं होतं. मंकाची आईही होती, कुणाशी न बोलता डोक्यावरून दगड वाहत होती. मेकू काठावर बसून शिव्या आणि सूचना सारख्याच देत होते. मामा पात्राच्या मधोमध उभा होता. दुपारी पाहुणे यायचे होते, त्यामुळे मोरीवरचा चिखल केव्हाच निघाला होता आणि न्जाऊ वर फळीपाशी होता.

गॉडलिसनही वर होता. बाओच्या खेळाचा पट घेऊन तो न्जाऊपुढे बसला होता. मंकानं त्याला बजावलं होतं, "त्याचे हात पटावर ठेव. फळीवर गेले तर आरडाओरडा कर, अंगावर उडी घाल, काहीही कर. आई खाली आहे."

"अनाएली मामा, जरा फोन देता?" विटनेस लाडात आली. "आईला विचारायचंय, मीठ आणू का."

"घे. लवकर आण." मामानं न बघताच फोन दिला.

विटनेस काठावर गेली, थोडा वेळ बटणं दाबल्यासारखं केलं आणि परत आली. "नाही लागला आईला. चुकून न्जाऊकाकांना लागला वाटतं. एकदाच वाजला, लगेच बंद केला मी!"

मामाच्या हातातला दगड खाली पडला. "काय?"

आणि त्याच क्षणी वरच्या वळणावरून, झाडीतून, मंकाची हाक आली. छाती फाटेल इतक्या जोरानं दिलेली.

"पाणी सुटलं होऽऽ!"

माणसांनी सवयीनं उजवीकडे, पाटाकडे बघितलं. कुणीतरी म्हणालं, "पाटात कोण आहे आज?" कुणी जागचं हललं नाही. बायका दगड घेऊन तशाच उभ्या होत्या.

फक्त मामा पळाला. टोपी पडली, एक चप्पल चिखलात रुतली. वाटेत आलेल्या म्हाताऱ्याला ढकलून, हातापायांवर रांगत तो काठ चढला आणि वरच्या झाडाला मिठी मारून उभा राहिला. डोळे धबधब्याच्या दिशेला, तोंड भीतीनं सुकलेलं!

ओढा तसाच वाहत होता, घोट्याइतका.

अध्यक्ष हसायला लागले आणि मध्येच थांबले. मेकू काठीवर भार देत उठले.

"पाट त्या अंगाला आहे, अनाएली," ते म्हणाले. "तू ओढ्यातून का पळालास?"

आईनं डोक्यावरचा दगड हळूच खाली ठेवला. ती पात्रातच उभी होती, पाण्यात, त्याच्या अगदी समोर.

"पाणी येणार हे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मीही ओढ्यातच होते, अनाएली. सगळी माणसं ओढ्यात होती. तू एकटाच पळालास. मला हाक का नाही मारलीस?"

मामानं झाड सोडलं आणि तिथेच खाली बसला. मग सगळं बाहेर आलं, तुटक तुटक, रडत रडत. पाऊस नव्हता, धबधबा आटला होता, पाहुणे तोंडं वाकडी करून परत जात होते. म्हणून मोरी केली. खाली कुणी नसतं त्या वेळी, असं तो धरून चालला होता. पाणी ओसरल्यावर खाली उतरला तर खडकांत अमिनी दिसला. विळा हातात तसाच होता. तो विळा मामानंच काढून झाडीत फेकला.

"आणि उडीची गोष्ट?" मेकूंनी विचारलं.

"काहीतरी सांगायला हवं होतं ना," मामा म्हणाला.

कुणीतरी त्याच्या अंगावर धावलं. मेकूंनी काठी आडवी घातली. मंका वरून धावत आली होती, पण आईजवळ जायचं तिला सुचेना. ती आणि विटनेस एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. जिंकल्यासारखं दोघींनाही वाटत नव्हतं.

मोरी त्याच दिवशी गावानं दगडांनी बुजवली. पोलीस येऊन मामाला आणि न्जाऊला घेऊन गेले. मामा जामिनावर सुटला तो पुढच्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर चर्चच्या अंगणात आला. दानात आलेल्या केळ्यांचा आणि अंड्यांचा लिलाव नुकताच संपला होता. अध्यक्षांनी तिन्ही मुलांना पुढे बोलावलं होतं.

"या मुलांनी आपल्या सगळ्यांचे डोळे उघडले," ते म्हणाले. "गॉडलिसन, मंका आणि... आणि विटनेस. मी तुला हसलो होतो, पोरी. आज सगळ्यांसमोर सांगतो, तुझं नाव तुला शोभतं!"

टाळ्या वाजल्या. मेकूंनी तिघांच्या डोक्यांवर थुंकीचा शिडकावा करून आशीर्वाद दिला, जुन्या माणसांसारखा. गॉडलिसन लाजून चूर झाला. मंका मात्र टाळ्यांचा आवाज ऐकून धबधब्यासमोरचे पाहुणे आठवून कसनुशी झाली. हा आवाज लवकर थांबावा असं तिला वाटत होतं.

तो थांबला, कारण माणसं बाजूला सरकली. मामा येत होता. अनवाणी, डोकं उघडं. दोन्ही हातांत 'मसाले' नावाच्या झाडाचं हिरवं लांब पान होतं.

कुंपणाकुंपणाला लावलेलं साधंच झुडूप, पण त्याचं पान हातात घेऊन कुणी दारात आला, तर तो क्षमा मागायला आलेला असतो. ते पान कुणी नाकारत नाही. त्या डोंगरावर आजवर कुणी नाकारलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मामा बहिणीपुढे गुडघ्यांवर बसला आणि पान पुढे केलं.

आईनं हात पुढे केला नाही.

"आधी सांग," ती म्हणाली. "माझा मुलगा त्या दिवशी काय करत होता?"

"गवत कापत होता," मामा पुटपुटला.

"त्या मागच्या बायकांना ऐकू आलं नाही. पाद्रीबुवांनाही आलं नसेल."

"गवत कापत होता!" मामा ओरडला. "गायीसाठी गवत कापत होता! त्यानं उडी मारली नाही! पाणी मी सोडलं, हाक न देता सोडलं! अमिनीनं काहीही चूक केली नाही!"

मागे कुणीतरी बाई हुंदके द्यायला लागली. पाद्रीबुवांनी चष्मा काढून खाली बघितलं. आईनं मग पान घेतलं, नीट दुमडलं आणि कमरेच्या कापडात खोचलं. मंकाचा हात धरून ती घरी निघाली.

केळीच्या बागांमधली वाट संपत आली. शेवटी मंकाला राहवलं नाही.

"का घेतलंस, आई? तू का घेतलंस ते पान?"

"पान नाकारता येत नाही."

"म्हणजे सगळं संपलं? उद्यापासून तो आपल्या घरी येणार, जेवणार, पहिल्यासारखा?"

आई थांबली. अमिनी गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं मंकाकडे नीट, डोळे भरून बघितलं.

"पान घेतलं म्हणजे मी त्याचं वाईट चिंतणार नाही. पोलीस काय ते बघतील, त्यातही आडवी येणार नाही," ती म्हणाली. "जेवायला वाढीन असं त्या पानात कुठे असतं?"

मंकाला हसू आलं, ते मध्येच अडकलं आणि मग तिला जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. आईनं तिला पोटाशी धरलं. कुंपणापलीकडे शेजारीण आपल्या मुलाला झाडावरून खाली बोलावत होती, नुसतंच त्याच्या नावानं.